मीटर डाउन : स्कूबाच्या नवशिक्यांसाठी नऊ सोप्या पायऱ्या

गेल्या डिसेंबरात तुम्ही सहकुटुंब मालवणला गेलात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कडेला होडीतून पाण्यात उतरलात. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेतं, तसं तिथल्या इन्स्ट्रक्टरने तुम्हाला सिलिंडरच्या मानेला धरून पंधरा मिनिटं पाण्याखाली फिरवून आणलं. चार पट्टेरी मासे दिसले, नाकात थोडं खारं पाणी गेलं आणि कॅमेरा समोर येताच तुम्ही झोकात अंगठा वर केलात. (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. त्याने तुम्हाला खरोखरच वर नेलं. तुम्हाला वाटलं, वेळ संपली.)

परतीच्या वाटेवर कणकवली यायच्या आत तुमचं ठरलं : आता स्वतःचं किट. मास्क घेतला, फिन घेतले. दोन्ही सध्या माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी आहेत. उरला खरा विषय : गेज आणि डाइव्ह कॉम्प्युटर. या दोन वस्तू अर्ध्या तासात घेऊन घरी जेवायला येता येतं. पण घाबरू नका. पुढच्या नऊ पायऱ्या मनापासून पाळल्यात, तर हे काम सहज आठ महिने पुरतं.

माझा अधिकार विचाराल तर माझ्या नावावर अकरा डाइव्ह आणि पाच मीटर आहेत. पाच मीटर म्हणजे खोली नव्हे, यंत्रं.

पायरी १ : मूळ प्रश्न विसरा

पाण्याखाली माणसाला तीन गोष्टी कळाव्या लागतात : हवा किती उरली, आपण किती खोल आहोत आणि खाली येऊन किती वेळ झाला. पहिलीचं उत्तर प्रेशर गेज देतो. दुसरी आणि तिसरी पूर्वी खोलीमापक आणि पाण्यात चालणारं घड्याळ मिळून सांगायचे. आता मनगटावरचा कॉम्प्युटर सांगतो. शिवाय तो खोली आणि वेळ यांचा हिशेब करून अंगात किती नायट्रोजन मुरला असेल याचा अंदाज बांधतो आणि ‘इथे आणखी इतकी मिनिटं थांबलात तर चालेल’ एवढं कळवतो. संपलं.

हे लक्षात राहिलं तर खरेदीही संपते, म्हणून ताबडतोब विसरा. दुकानदाराने ‘तुम्हाला कशासाठी हवाय?’ असं विचारलंच, तर दूर क्षितिजाकडे बघत ‘आंग्रिया बँक’ म्हणा. ही बँक विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं ते पाण्याखालचं पठार. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खाली. तुम्ही अजून न केलेल्या ओपन वॉटर कोर्सची मर्यादा १८ मीटर. मधल्या दोन मीटरांचा विषय चारचौघांत काढू नये. कर्ज मात्र दुसऱ्या बँकेतून काढावं लागेल.

पायरी २ : पितळी गेजला नाक मुरडा

साधा प्रेशर गेज म्हणजे जाड काच, पितळी डबी आणि एक काटा. आत एक चपटी, वाकडी नळी असते. जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी कागदाची पिपाणी आठवा. सिलिंडरमधला दाब वाढला की ही नळी तशीच उलगडू पाहते आणि काट्याला ढकलते. युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ साली याचं पेटंट घेतलं. त्याला बॅटरी लागत नाही, अपडेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. अशा वस्तूबद्दल मित्रांमध्ये बोलणार काय?

तबकडीवर भरलेला सिलिंडर २०० बार दाखवतो. ५० च्या खाली लाल पट्टा असतो. तिथे काटा पोचण्याआधी तुम्ही होडीत चहा पीत असायला हवं. हा गेज सर्रास वापरात येण्याआधी लोक काय करत? त्या काळच्या सिलिंडरला राखीव हवेची कळ असे. श्वास ओढायला जड जाऊ लागला की पाठीमागे हात नेऊन एक दांडी खाली ओढायची, मग शिल्लक हवा सुटायची. ज्यांनी पुलाच्या चढावर बंद पडलेल्या स्कूटरचा कॉक वाकून ‘रिझर्व्ह’वर फिरवला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. दांडी आधीच कुठेतरी अडकून खाली ओढली गेली असेल, तर ‘रिझर्व्ह’ही कधीच संपलेलं असायचं. आणि समुद्रात स्कूटर आडवी करून उरलेले दोन थेंब इंजिनात आणायची सोय नाही.

तरीही काट्याकडे बघायचं नसेल, तर निसर्गाने पर्यायी गेज दिला आहे. ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की हलका होऊन तरंगू पाहतो. पाठ आपोआप वर जाऊ लागली की समजा, हवा संपत आली.

खास टीप : जोडीदाराचा गेज ‘बार’मध्ये असेल तर तुम्ही आवर्जून ‘पीएसआय’मधला घ्या. पूर्ण भरलेला सिलिंडर त्याच्याकडे २००, तुमच्याकडे सुमारे ३०००. मग पाण्याखाली बोटांनी ‘दोनशे’ अशी खूण झाली, की एकाच्या मते डाइव्ह सुरू होते आणि दुसऱ्याच्या मते संपूनसुद्धा गेलेली असते.

पायरी ३ : कन्सोल घ्या, म्हणजे हातात काहीतरी जड लागेल

कन्सोल म्हणजे रबराच्या एका साच्यात प्रेशर गेज, खोलीमापक आणि होकायंत्र असं एकत्र कुटुंब. आकाराने आणि वजनाने वरवंट्याच्या जवळचं. तो जाकिटाच्या कडीला क्लिपने अडकवायचा असतो. तुम्ही मोकळा सोडा. तुम्ही वरून विहार कराल आणि तो हातभर खालून, मुलाने दोरीला बांधून ओढलेल्या गाडीसारखा, पोवळी खरवडत, वाळू उडवत, जुन्या जाळ्यांत अडकत मागून येईल. मागच्या मंडळींना तुम्ही कुठून गेलात हे शोधावं लागणार नाही.

होकायंत्र वाचताना ते आडवं, सपाट धरावं लागतं. तिरकं धरलं की काटा अडकतो आणि तुम्ही कुठेही वळलात तरी उत्तर दिशा तुमच्यासोबत येते. निष्ठा म्हणतात ती हीच. पर्यटकांच्या डाइव्हमध्ये त्याची गरज पडत नाही; इन्स्ट्रक्टरचा हात ज्या बाजूला, ती उत्तर.

पायरी ४ : कॉम्प्युटर लग्नात शोभेल असा निवडा

डाइव्ह कॉम्प्युटर वर्षातून तीन-चार दिवस पाण्यात असतो आणि उरलेले दिवस तुमच्या मनगटावर, ऑफिसात, बँकेत, मेहुण्याच्या साखरपुड्यात. तेव्हा प्राधान्य कशाला द्यायचं ते उघड आहे. वरच्या श्रेणीतल्या यंत्राची किंमत नव्या स्कूटरएवढी असते, पण स्कूटर बाहीच्या आतून हळूच बाहेर काढून दाखवता येत नाही.

पट्टा लाल घ्या. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी नाहीसा होतो, काही मीटर गेलात की तो मळकट करडा दिसू लागतो. म्हणजे जिथे खर्च केलात तिथे तो दिसत नाही आणि जिथे दिसतो तिथे कामाचा नाही.

आकडे मोठे, ठळक असलेला, काळ्या-करड्या पडद्याचा साधा कॉम्प्युटर दुकानदार आधी पुढे करील. चाळिशी ओलांडलेल्यांना मास्कमधून तोच वाचता येतो. हा तुमच्या वयाचा अपमान समजा आणि आठ रंगांत एकवीस आकडे दाखवणारा मागा. त्यातल्या तीन आकड्यांचं तुम्हाला काम असतं (पायरी १ विसरलात ना? शाबास). उरलेले अठरा त्या तिघांना लपवायला.

बॅटरीबद्दल एकच दक्षता : कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, आपल्या हाताने बदलता येणारी नको. ती बदलायला यंत्र दूरच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागेल अशी घ्या. सीझन ऑक्टोबर ते मे असतो. यंत्र सप्टेंबरात पाठवलंत, तर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ठणठणीत होऊन घरी येईल.

पायरी ५ : अल्गोरिदमवर भांडा

हा छंदाचा आत्मा. विषय थोडा समजून घ्या, म्हणजे भांडताना उच्चार चुकत नाहीत.

खोल पाण्यात दाब वाढतो, हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो. सावकाश वर आलं तर तो उच्छ्वासावाटे निघून जातो. घाईने आलं तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यावर होतं ते सांध्यांत होतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाबाच्या कोठीत बकऱ्या ठेवून याचा अभ्यास केला आणि १९०८ साली तो प्रसिद्ध केला. वर आणल्यावर बकरीने एक पाय उचलून धरला, की त्या सांध्यात दुखतंय असं समजायचं. तुमच्या मनगटावरच्या देखण्या यंत्राचं घराणं त्या लंगड्या बकरीपाशी जातं. ही माहिती साखरपुड्यात सांगू नये.

पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराचे सोळा काल्पनिक कप्पे कल्पिले. लोकल पंधरा डब्यांची तुम्ही पाहिली आहे. ही सोळा डब्यांची, आणि उतारू नायट्रोजनचे. काही डबे दादरसारखे भराभर भरतात आणि रिकामे होतात, काहींत माणूस चढायलाच तास लागतो आणि चढला की उतरत नाही. सर्वांत चपळ डबा चार मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत सुस्त डब्याला ६३५ मिनिटं लागतात. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी सगळ्या डब्यांतली गर्दी मोजतो. कोणत्या डब्यात कितीपर्यंत गर्दी चालेल याबद्दल कंपन्यांची मतं वेगळी. कुणी जरा उदार, कुणी माहेरी आलेल्या आत्याबाईंसारखी कडक. यावर रात्र-रात्र वाद घालता येतो.

आता कानात सांगतो, वादात वापरू नका. जुन्या छापील तक्त्याप्रमाणे १८ मीटरवर ५६ मिनिटं राहता येतं. तुमचा सिलिंडर अकरा लिटरचा, २०० बारचा. पन्नास राखून दीडशे वापरायचे, म्हणजे साधारण १६५० लिटर हवा. घाबरलेला नवशिका वर, होडीत बसून मिनिटाला वीस लिटर ओढतो. १८ मीटरवर दाब २.८ पट, तेव्हा छप्पन्न. करा भागाकार. अर्ध्या तासात तुमची हवा संपते. कडक अल्गोरिदम आणि उदार अल्गोरिदम यांचं जिथे पटत नाही, त्या स्टेशनपर्यंत तुमची गाडी पोचतच नाही. तिथे जायचं असेल तर स्वस्त उपाय आहे : शांतपणे श्वास घ्यायला शिकणं. पण तो कुठल्याही डब्यात पॅक होऊन येत नाही, आणि त्याला वॉरंटीही नाही.

पायरी ६ : ट्रान्समीटर बसवा

सिलिंडरमधला दाब नळीशिवाय, हवेतून, छे, पाण्यातून थेट मनगटावर! बोटाएवढा काळा दांडा सिलिंडरच्या तोंडावरच्या रेग्युलेटरला बसतो आणि एक नळी कमी होते. पण ट्रान्समीटर कधी गप्प बसतो आणि पडद्यावर आकड्याऐवजी तीन रेघा येतात. म्हणून तज्ज्ञ सांगतात, सोबत साधा पितळी गेजही ठेवा. म्हणजे कमी झालेली नळी परत आली. मनगटावरचा कॉम्प्युटर बंद पडला तर? म्हणून दुसरा कॉम्प्युटर. नळी टाळण्याच्या मोहिमेत आता तुमच्या अंगावर नळी, ट्रान्समीटर आणि दोन कॉम्प्युटर आहेत. सुटसुटीतपणा असा टप्प्याटप्प्याने येतो.

एक सूचना : होडीवरच्या मदतनिसाला हा काळा दांडा हुबेहूब मुठीसारखा दिसतो. तो अख्खं किट तिथेच धरून उचलतो. त्याच्यावर ओरडू नका. तुमच्या सामानात धरण्याजोगी वाटलेली ती पहिलीच वस्तू असेल.

पायरी ७ : माहितीपुस्तिका वाचू नका

पुस्तिका वाचणं म्हणजे यंत्रावर अविश्वास. यंत्रात साध्या हवेसाठी, नायट्रॉक्ससाठी (म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेसाठी), श्वास रोखून मारायच्या बुडीसाठी वेगवेगळ्या सोयी असतात. शिवाय नुसता ‘गेज मोड’, ज्यात तो खोली आणि वेळ दाखवतो पण नायट्रोजनचा हिशेब करतच नाही. हॉटेलच्या खोलीत बटणं दाबता दाबता यातलं जे लागेल ते राहू द्या.

पाण्याखाली यंत्र पीप-पीप करू लागलं की गंभीर चेहऱ्याने इतरांकडे बघा. सगळे तसंच करतात. कुणाचं वाजतंय हे ठरेपर्यंत तुम्ही वर पोचलेले असता, आणि ते वाजत असतं नेमकं तेवढ्यासाठीच : मिनिटाला नऊ मीटरांपेक्षा वेगाने वर येऊ नका, म्हणून. पुढे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला सांगेल. ही तीन मिनिटं जगातली सर्वांत लांब. लग्नात अंतरपाट धरून मंगलाष्टकं संपायची वाट बघण्याइतकी. बरीच यंत्रं अजिबात न ऐकणाऱ्या माणसावर रुसतात आणि दिवस-दोन दिवस हिशेब करायचंच नाकारतात. जावई रुसला तर निदान मानपान देऊन मनवता येतो. हा मानत नाही.

पायरी ८ : एका कॉम्प्युटरमध्ये दोघांनी भागवा

इतका खर्च झाल्यावर काटकसर कुठेतरी करावीच लागते. सकाळची डाइव्ह नवऱ्याची, दुपारची बायकोची, यंत्र एकच. अडचण एवढीच की यंत्र सकाळचा नायट्रोजन लक्षात ठेवतं. दुपारी ते बायकोच्या मनगटावर बसून नवऱ्याच्या पापांचा हिशेब तिच्याकडे मागतं. (अनेक संसारांत हे कॉम्प्युटरशिवायही होतं.) संध्याकाळी नवरा परत उतरला, की दुपारी त्याने होडीत झोप काढली हे यंत्राला पटत नाही. दोघांपैकी कुणाचाच हिशेब खरा नाही आणि आकडे मात्र दशांशापर्यंत अचूक.

तसंच पडद्यावरच्या विमानाच्या चित्राकडे दुर्लक्ष करा. ते ‘अजून उडू नका’ सांगत असतं. एका डाइव्हनंतर निदान बारा तास, रोज दोन-तीन अशा लागोपाठच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमान टाळायचं असतं. अंदमानला गेलेला मराठी माणूस शेवटच्या दिवशी सकाळी स्वराज द्वीपला डाइव्ह आणि दुपारी विमान असं बसवतो, कारण हॉटेलचं भाडं वसूल व्हायला हवं. मालवणकरांना वाटेल, आपण तर गाडीने जाणार. पण हा सल्ला विमानाच्या आतल्या हवेच्या दाबाबद्दल आहे आणि तो साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे. दोन दिवस खोल डाइव्ह मारून लगेच तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी घाट चढायचा, तर उडत नसलात तरी उडालातच.

पायरी ९ : आता एकदाचे उतरा

इथे माझाच अनुभव सांगतो, म्हणजे तुम्हाला धीर येईल.

मालवणातच, फेब्रुवारीत. पाणी ताकासारखं. होडीत मी सगळा साज चढवून बसलो होतो : मनगटावर दोन कॉम्प्युटर, ट्रान्समीटर, कन्सोल, आणि पायरी ६ मधला पितळी गेज, जो मी नाइलाजाने लावला होता. इन्स्ट्रक्टर बावीस-तेवीस वर्षांचा मालवणी पोरगा, अंगात फुटबॉलची फाटकी जर्सी. मी त्याला पडद्याचे रंग दाखवू लागलो. तो थोडा वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “काकानु, ह्या सगळा र्‍हवांदे. हवा किती आसा ती सांगा.”

मी बटण दाबलं. “एकशे अठ्ठ्याण्णव.”

त्याने माझ्या मनगटाकडे बघितलंही नाही. पाठीमागे लोंबणारा पितळी गेज ओढून माझ्या डोळ्यांसमोर धरला. “आता श्वास घेवा.”

मी श्वास घेतला. दोनशेवरचा काटा सरळ दीडशेपर्यंत खाली आला आणि श्वास थांबताच परत वर गेला. दुसरा श्वास : खाली, वर. तिसरा. मनगटावर मात्र एकशे अठ्ठ्याण्णव ठामपणे उभे होते. ट्रान्समीटर काही सेकंदांनी एकदा बोलतो, मधली पडझड त्याच्या गावीही नव्हती.

“टाकीचो नळ अर्धोच उघडलेलो आसा,” तो म्हणाला आणि हात मागे नेऊन व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला. वर श्वास येत होता. खाली गेल्यावर तो जड झाला असता आणि मला वाटलं असतं, वय झालं. व्हॉल्व्ह मीच उघडला होता. उघडताना माझं लक्ष पडद्यावर होतं.

पाण्याखाली त्याने अर्ध्या तासात पाच वेळा माझ्यासमोर तळहातावर दोन बोटं टेकवली : किती उरली? पाचही वेळा मी पितळी गेज उचलून काटा वाचला आणि बोटांनी सांगितलं. रंगीत पडदा बहुधा उत्तम चालू होता. साठ बारवर त्याने मला वर आणलं.

किनाऱ्यावर उतरताच एका गृहस्थांनी विचारलं, “किती खोल गेला होता हो?” मी बाही सारली. दोन्ही कॉम्प्युटरांनी एकमताने सांगितलं : ७.४ मीटर. ते गृहस्थ “अरे वा” म्हणाले आणि कुल्फीच्या गाडीकडे वळले.

हॉटेलवर जायला रिक्षा केली. आता गेजच्या विषयात मला काही कळतं, म्हणून बसता बसता काटा बघायला पुढे वाकलो. मीटरच्या जागी गणपती होता.

“किती झाले?” उतरताना मी विचारलं.

“काय ता द्या,” तो म्हणाला.

पाचही मीटर माझ्या मांडीवर ओले होऊन बसले होते. एकाच्याही पडद्यावर भाड्याचा आकडा नव्हता.